नगरच्या मिस फॅरार आणि आपले ऋण

दरवर्षी ३ जानेवारीला सातारा जिल्ह्यातील नायगावला माणसांची रीघ लागते. क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा जन्म १८३१ साली याच गावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. त्या दिवशी भाषणे होतात. भाषणात सावित्रीमाईंच्या अंगावर फेकलेले शेण येते, पिशवीतले दुसरे लुगडे येते, प्लेगच्या साथीत पाठीवर घेतलेले पोर येते. हे सर्व यायलाच हवे. पण ज्या माउलीने इथल्या मुलींना शिकवले, त्या माउलीला शिकवायचे कसे हे कोणी शिकवले, हा प्रश्न व्यासपीठावर क्वचितच विचारला जातो. राष्ट्रपिता जोतीरावांचे नाव पहिले येते, ते बरोबरच आहे. मात्र त्यानंतरचे नाव आले तर 'कोणी एक इंग्रज बाई' एवढ्यावरच वक्ते पुढे सरकतात.

ती बाई इंग्रज नव्हती, अमेरिकन होती. तिचे नाव सिंथिया फॅरार. या मातीत तिने आयुष्याची चौतीस वर्षे घातली आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या मातीतच तिचा शेवट झाला. तिचे चरित्र आपल्या चळवळीने नीट समजून घेणे गरजेचे आहे. कारण एका बाजूला मनुवादी मंडळी मिशनच्या प्रत्येक शाळेला धर्मांतराचे कारस्थान ठरवून फुले दांपत्यालाही त्याच पिंजऱ्यात उभे करू पाहतात. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही जण उत्साहाच्या भरात सगळे श्रेय साहेबाला देऊन मोकळे होतात. या दोन्ही टोकांना उत्तर पुराव्यानेच द्यावे लागेल. वकिलीच्या धंद्यातला माणूस असल्याने मला तरी दुसरा मार्ग माहीत नाही.

सिंथिया फॅरार यांचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील मार्लबरो या गावी झाला. त्या काळी अमेरिकेतही स्त्रीला मतदानाचा हक्क नव्हता, विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नव्हती, महाविद्यालयाची दारे तिला बंद होती. शिक्षिका होणे हा त्यातल्या त्यात मोकळा रस्ता होता. फॅरार यांनी तोच धरला. लग्न केले नाही आणि तिशी ओलांडेपर्यंत त्या आपल्याच मुलखात शिकवत राहिल्या.

इकडे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ पासून सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे त्याचे पहिले मिशनरी. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा काढली. शाळा निघाल्या, पण त्या पाहणार कोण? मिशनऱ्यांच्या बायका घर, मुले, बाळंतपणे आणि आजारपणे यांत गुंतलेल्या. शिकवणारे पंतोजी पुरुष, आणि त्यांतले बरेचसे ब्राह्मण. मुलीने अक्षर गिरवणे हेच ज्यांच्या शास्त्रात पाप, त्यांच्याच हातात मुलींची पाटी! म्हणून मुंबईच्या मिशनने बोस्टनच्या आपल्या मुख्य मंडळाकडे केवळ मुलींच्या शाळांसाठी एक अविवाहित शिक्षिका मागितली. मंडळाने सिंथिया फॅरार यांची निवड केली.

जून १८२७ मध्ये त्या बोस्टनहून जहाजात बसल्या आणि डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत उतरल्या. सहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर! वय बत्तीस. सोबत नवरा नाही, भाऊ नाही, भाषा ठाऊक नाही. मिशनच्या इतिहासात परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित अमेरिकन स्त्री म्हणून त्यांची नोंद केली जाते.

इथे आपण थांबले पाहिजे, कारण ही नोंद अपुरी आहे. फॅरार यांच्याही आधी, १८२२ साली, बेट्सी स्टॉकटन नावाची अविवाहित काळी स्त्री याच मंडळाच्या वतीने हवाई बेटांवर गेली होती. ती गुलामगिरीत जन्मलेली, नंतर मुक्त झालेली. तिने हवाईत सामान्य रयतेच्या मुलाबाळांसाठी शाळा चालवली. पण करारनाम्यात तिला मिशनरीबरोबरच एका मिशनरी कुटुंबाची मदतनीसही ठरवले होते, म्हणून पहिलेपणाचा मान पुढे गोऱ्या स्त्रीच्या नावावर लागला. इतिहासाच्या वहीत नावे कशी गाळली जातात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फॅरार यांचा मोठेपणा सांगताना बेट्सी स्टॉकटनचे नाव पुसले जाऊ नये, एवढी दक्षता फुले-आंबेडकरी वाचकाने घ्यायला हवी. फॅरार यांचे वेगळेपण हे की त्या कोणत्याही कुटुंबाच्या आश्रयाने नव्हे, तर निव्वळ शिक्षिका म्हणून आल्या.

मुंबईत त्यांनी आधी मराठी शिकून घेतली. मग शाळाशाळांतून फिरणे, पट तपासणे, पंतोजी खरेच शिकवतो की नुसती हजेरी भरतो हे पाहणे, मुलींच्या घरी जाऊन आयांशी बोलणे, असे काम सुरू झाले. दोन वर्षांत मिशनच्या मुलींच्या शाळांतील पटावर चारशेच्या आसपास मुलींची नावे लागली. आज हा आकडा लहान वाटेल. पण ज्या समाजात शिकलेली बाई विधवा होते अशी भीती घातली जात होती, त्या समाजातल्या या चारशे मुली होत्या. त्यांतल्या बहुतेक आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन शाळेतून नाहीशा होत. आज आलेली मुलगी पुढच्या वर्षी येईल याची खात्री नसे. तरी पुन्हा नव्या मुली शोधायच्या, पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची. अशी दहा वर्षे त्यांनी काढली.

त्याच वर्षांत कंपनी सरकारचे धोरण काय होते, तेही पाहू. गव्हर्नर एल्फिन्स्टनने आपल्या शिक्षणविषयक टिपणात लिहून ठेवले होते की मिशनऱ्यांना खालच्या जातींत उत्तम विद्यार्थी मिळतात, पण सरकारने त्या वर्गाला विशेष उत्तेजन देताना जपून राहावे; शिक्षण त्यांच्यात आधी रुजले तर ते वरच्या वर्गांपर्यंत पोचणारच नाही. हे टिपण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शोधून काढले आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सादर केलेल्या निवेदनात साहेबाच्या दारातच त्याची चिरफाड केली. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, ते प्रकरणही बाबासाहेबांनीच उजेडात आणले. तेव्हा ब्रिटिश राज्य आले आणि शिक्षणाची गंगा आपोआप आपल्या दारी आली, हे म्हणणे पुराव्याला धरून नाही. सरकारने दार बंदच ठेवले होते. फट ठेवली होती ती मिशनच्या शाळांनी.

आणि गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात कुठे असत? आमच्या महाबळेश्वरला! एल्फिन्स्टननंतरचा गव्हर्नर सर जॉन माल्कम फॅरार आल्या त्याच साली, १८२७ मध्ये, गादीवर बसला. त्याने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात डोंगरमाथ्याची ही जागा घेतली. तिथे वसलेल्या पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बंगले उठले, रस्ते झाले. मैदानी उन्हाने खंगलेले मिशनरीही इथे हवापालटाला येऊ लागले. फॅरार यांच्याच मिशनचे अॅलन ग्रेव्ह्ज आणि त्यांच्या पत्नी मेरी ग्रेव्ह्ज महाबळेश्वरला येऊन राहिले. अॅलन ग्रेव्ह्ज १८४३ च्या डिसेंबरात इथेच वारले. पुढे १८४९ मध्ये साताऱ्यात मिशनचे केंद्र उभे राहिले. नंतरच्या काळात पाचगणीच्या डोंगरावर मिशनरी संस्थांच्या मोठ्या निवासी शाळा निघाल्या, पण त्या सुरुवातीला प्रामुख्याने गोऱ्या मुलामुलींसाठी. डोंगरावरची शाळा आणि डोंगराखालची शाळा यांत हा फरक होता. फॅरार यांनी आपली शाळा डोंगराखाली थाटली, हे विसरता येणार नाही.

१८३७ साली प्रकृती पार ढासळल्याने त्यांना अमेरिकेला परतावे लागले. तिथेच राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. दहा वर्षे झाली होती, चाळिशी उलटली होती. पण दोनच वर्षांत, १८३९ मध्ये, त्या परत आल्या आणि या वेळी मुंबईत न राहता अहमदनगरला गेल्या.

नगरला अमेरिकन मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. तिथे काम करणे मुंबईहून अवघड. मुंबईत अनेक जाती, अनेक धर्म, व्यापारउदीम आणि गव्हर्नरची सावली होती. नगर म्हणजे गावगाड्याचा मुलूख. पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, सावलीचाही विटाळ. मिशनच्या शाळेत महारामांगांची मुले आली की वरच्या जातीची मुले उठून जात. कोणी ब्राह्मण ख्रिस्ती झाला की गावात खळबळ उडे आणि पालक मुले काढून घेत. अशा ठिकाणी फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. शाळा मोडे, त्या पुन्हा भरवत. याच नगरमधून १८४२ साली मिशनने 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. जोतीरावांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने महारामांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'नेच छापला. पेशवाईत ज्यांना थुंकायला जमीन नव्हती, त्यांच्या मुलीचे अक्षर छापून आले ते असे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांना वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर यांनीही मिशनऱ्याच्या घरी काम करताना शिक्षणाचे मोल ओळखले होते. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्यासोबत जोतीराव मिस फॅरार यांची शाळा पाहायला गेले. मुली ओळीने बसल्या आहेत, वाचताहेत, लिहिताहेत, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. या देशातले शिकलेले लोक आपल्या मुलीबाळींच्या शिक्षणाकडे लक्ष देत नाहीत, ही फॅरार यांची खंत त्यांच्या कानी पडली. ते पुण्याला परतले आणि १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. नगरची शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे जोतीरावांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. घेतलेले लपवायचे नाही, हा त्यांचा स्वभाव.

शाळा काढली तरी शिकवणार कोण, हा मुंबईच्या मिशनला पडलेला प्रश्न जोतीरावांनाही पडला. पंतोजी मिळेना, आणि मिळाला तर टिकेना. तेव्हा घरातल्याच सावित्रीमाई पुढे आल्या. घरी जोतीरावांनी त्यांना शिकवलेच होते. शिकवण्याच्या कलेचे धडे त्यांनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मिचेलबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लहानपणी शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने पुस्तक हातात दिल्याची गोष्टही आमच्या भागात घरोघरी सांगितली जाते. खंडाळा तालुक्यातल्या पाटलाची लेक नगरला जाऊन एका परदेशी शिक्षिकेकडून वर्ग कसा चालवायचा हे शिकते, आणि १८५१-५२ मध्ये पुण्यात एकामागून एक शाळा उघडतात, महारामांगांच्या मुलांसाठीही शाळा निघतात. ही साखळी लक्षात घ्या.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सावित्रीमाईंची शाळा ही देशातील मुलींची अगदी पहिली शाळा, असे आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि विरोधक मग १८२४ ची मुंबईची शाळा पुढे करून टाळ्या घेतात. आपण ती संधी का द्यावी? सावित्रीमाईंचा मोठेपणा तारखेवर उभा नाही. मिशनच्या मागे बोस्टनची तिजोरी होती, गोऱ्या कातडीचे कवच होते, दगड मारणाऱ्याला सरकारची भीती होती. सावित्रीमाईंच्या मागे काय होते? सासऱ्याने घराबाहेर काढले, जातवाले फिरले, भटशाही उलटली. शूद्र मानलेल्या स्त्रीने अतिशूद्रांच्या लेकरांना, कोणाच्याही धर्मप्रचारासाठी नव्हे तर माणूस म्हणून शिकवले. ही गोष्ट मिस फॅरार यांना करता आली नसती. ती इथल्याच माणसाने करायची होती आणि जोतीराव-सावित्रीमाईंनी ती केली.

मिशनच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फॅरार यांच्या शाळेत बायबल होते आणि मुलींनी ख्रिस्ताकडे यावे हाच मिशनचा हेतू होता. त्यांनी तो लपवला नाही. पुढे नगर भागात हजारो महार-मांग ख्रिस्ती झाले, शिकले, नोकऱ्यांना लागले. पण चर्चच्या बाकावर आणि सोयरिकीत जात शिल्लक राहिलीच. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनच्या कार्याची परखड तपासणी केली तेव्हा शाळा-दवाखान्यांचे मोल मान्य केले, आणि अस्पृश्यतेविरुद्ध उभे ठाकण्यात मिशन कमी पडले हेही सुनावले. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ज्या धम्माच्या वाटेने गेलो ती वाट कोणाच्या उपकारातून नव्हे, बाबासाहेबांच्या अभ्यासातून निघाली. ऋण मानणे वेगळे आणि मिंधे होणे वेगळे.

फॅरार यांचे उरलेले आयुष्य नगरलाच गेले. त्यांनी पेन्शनीत जायचे म्हणून मायदेश गाठला नाही. एक पिढी हातावेगळी झाली, त्यांच्या विद्यार्थिनींच्या मुली शाळेत येऊ लागल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे नगरला निधन झाले. त्या वेळी त्यांच्या मायदेशात गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले होते. तीन वर्षांनी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. आणि १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील त्या लोकांनाच अर्पण केला, ज्यांनी काळ्या बांधवांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. नगरच्या शाळेत जोतीरावांनी अमेरिकेचा जो चेहरा पाहिला होता, तो त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे आला नसेल असे कोण म्हणेल?

आज भिडे वाड्याच्या जागेवर राष्ट्रीय स्मारकाचा मार्ग मोकळा झाला आहे. वर्षानुवर्षे कोर्टात अडकलेला तो वाद २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपला आणि मोडकळीला आलेला वाडा पाडला गेला. स्मारक व्हावे, भव्य व्हावे. पण स्मारकाच्या दगडापेक्षा चालू शाळेचे छप्पर मोठे, हे फॅरार आणि सावित्रीमाई या दोघींच्याही आयुष्याचे सार आहे.

आणि चालू शाळांची आमच्याकडे काय गत आहे? महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या पाण्यापलीकडे वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. माणसे थोडी, म्हणून पट थोडा. राज्य शासनाने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे धोरण पुढे आणले. कागदावर ते सोयीचे दिसते. पण जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत कोयनेचा जलाशय ओलांडतात आणि पुढे जंगलातून चालत जातात, या बातमीची जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. हीच आमच्या भागातली खरी परिस्थिती. अशा ठिकाणी शाळा दूर गेली तर मुलगा कदाचित जाईल, मुलगी घरी बसेल. सिंथिया फॅरार पटावरची मुलगी शोधायला तिच्या उंबऱ्यापर्यंत जात होत्या. आपले सरकार मुलीलाच पाणी ओलांडून यायला सांगते.

घटनेचे कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क देते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियम पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे सांगतात. हे अंतर कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही, तो कायदा आहे. म्हणून माझे कार्यकर्त्यांना सांगणे आहे : आपल्या तालुक्यातली कोणती शाळा बंद होण्याच्या यादीत आहे याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. ग्रामसभेत ठराव घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या आयाबहिणींना बसवा. ऐकले नाही तर कोर्टाची पायरी चढा. कायदा आपल्या बापाने लिहिला आहे, तो वापरायला लाजू नका.

तथागतांनी मंगल सुत्तात जी मंगले सांगितली त्यांत कृतज्ञता हे एक आहे. येत्या ३ जानेवारीला नायगावच्या वाटेवर सावित्रीमाईंचा जयजयकार करताना मिस सिंथिया फॅरार यांचे नाव पूर्ण घ्या, आणि त्यांच्यासोबत बेट्सी स्टॉकटनचेही. आणि परत येताना एखाद्या वाडीची बंद पडू घातलेली शाळा पाहून या. त्या शाळेच्या पटावर ज्या मुलीचे नाव आज आहे ते उद्याही राहील एवढे केले, तरी या सगळ्या शिक्षिकांचे ऋण थोडेफार फिटेल.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!